माणूस घडीवर कापलेला नसतो

माझ्याकडे नवी पोरगी शिवण शिकायला आली की पहिल्या दिवशी हटकून एक गोष्ट करते. कापड पसरते, मधोमध घडी घालते, घडीवर अर्ध्या अंगाचं माप टाकते आणि कात्री उचलते. मोबाईलवर तसंच दाखवतात ना! अर्धं कापायचं, उलगडलं की पूर्ण. मी तिच्या हातातली कात्री काढून घेते आणि विचारते, "कोणाचं ब्लाउज कापतेस?" ती म्हणते, "माझंच." मग मी विचारते, "तुझी डावी बाजू आणि उजवी बाजू अगदी सारखी आहे, हे तुला कोणी सांगितलं?" यावर पोरगी माझ्याकडे अशी बघते, की या बाईच्या डोक्यावर नक्की परिणाम झालेला आहे.

झालाच आहे. वर्धेजवळच्या सेलूला झाला, एका किराणा दुकानामागच्या गोदामात. ज्यांनी केला त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण त्यांना स्वतःचं नाव सांगायचा भारी कंटाळा होता. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "नाव कायले पाह्यजे? काम सांगा." आम्ही मुली त्यांना काकू म्हणायचो. पाठीमागे सगळं गाव कात्रीबाई म्हणायचं. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

काकू वाण्याच्या घरातल्या. नवरा गेल्यावर दुकान दिराकडे आलं. काकूंनी गोदामात शिवणाचा क्लास काढायचं ठरवलं तेव्हा दीर म्हणाले, पाहू, विचार करू. काकूंनी त्यांचा विचार होईपर्यंत वाट पाहिली नाही. एका दुपारी स्वतःच्या हाताने तुरीची पोती एका बाजूला सरकवली आणि मोकळ्या जागेत मशीन आणून ठेवली. दीर संध्याकाळी येऊन बघतात तर तीन पोरी खाली बसून कागद कापत आहेत. पुढे कित्येक वर्षं अर्ध्या गोदामात डाळ-साखर आणि अर्ध्यात आम्ही, असा संसार चालला. आम्ही शिवलेल्या प्रत्येक कपड्याला हिंगाचा वास यायचा. कोणी तक्रार केली तर काकू सांगायच्या, "धुवून घ्या. नाईतं वरणात टाका."

उंच, हाडापेराने मजबूत, आवाज खणखणीत. गळ्यात कायम मापाची टेप. ती टेप लग्नात, बारशात, बाजारात, अगदी मयतीतही गळ्यात असायची. त्यावरून एकदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना टोकलं, की नवरा गेलेल्या बाईने गळ्यात हे असलं काही मिरवू नये. काकू म्हणाल्या, "मंगळसूत्र उतरवलं तुम्ही लोकायनं. गळा रिकामा ठेवाचा का नाई, हे मी ठरवीन." 

बाकी सगळ्या रीतीभातींना त्यांनी असं उडवून लावलं, पण एका बाबतीत मात्र जुन्या होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला असायचा. आमच्याकडचा मे महिना, वर टिनाचं छप्पर, आम्ही पोरी घामाने निथळतोय, आणि काकू तशाच लपेटलेल्या. आम्हाला वाटायचं, वाण्याच्या घरची रीत असेल.

लोकांच्या अंगावरचे कपडे बघून गप्प बसणं त्यांना जमायचं नाही. वर्धेला जाणाऱ्या एसटीत समोरच्या माणसाच्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या होत्या, "भाऊ, शर्ट मांगून उचलला हाये. टेलर झोपला व्हता का?" तो चिडून म्हणाला, "बाई, तुम्हाला काय करायचं आहे?" काकू म्हणाल्या, "वर्धेपर्यंत मलेच पाहा लागून राह्यलं न!" कपड्यांच्या दुकानात 'फ्री साइज' अशी पाटी दिसली की दुकानदाराची खैर नसायची. "फ्री साइज म्हंजे कोनाचीच साइज नाई," असं त्या भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर सांगायच्या. आम्ही बाहेर उभ्या राहून हसायचो आणि आमची ओळख नाही असं दाखवायचो.

त्यांचा सगळ्यात मोठा राग मापाच्या ब्लाउजवर होता. आपल्याकडे बायका टेलरकडे जाताना नव्या कापडाबरोबर एक जुनं, बऱ्यापैकी बसणारं ब्लाउज घेऊन जातात. 'याच्यावरून शिवा' म्हटलं की झालं. टेप लावायला नको, पदर काढायला नको. काकूंकडे कोणी असं ब्लाउज आणलं की त्या ते दोन बोटांत धरायच्या.

"हे कोनाचं माप हाये?"

"माझंच की."

"नाई. हे मांगच्या टेलरचं हाये. त्यानं जे चुकवलं ते तू पाच वर्सं घालून राह्यली. आता म्या बी तेच चुकवू का?"

आणि ते ब्लाउज दाराजवळच्या खिळ्याला टांगलं जायचं. ज्या बाया रागाने निघून जात, त्यांची ब्लाउजं तिथेच राहत. गावातल्या एका पुढाऱ्याच्या बायकोने ड्रायव्हरबरोबर ब्लाउज पाठवलं होतं, ते तर उन्हाने पिवळं पडेपर्यंत लटकत होतं. दीर घाबरून म्हणाले, वहिनी, एवढं एक शिवून द्या. काकू म्हणाल्या, "ब्लाउज आलं, पन अंग कुठं हाये?"

मी त्यांच्याकडे गेले ती बारावीत गचके खाऊन, नापास होऊन. बाबा तहसील कचेरीत बाबू. आईचं म्हणणं, पोरगी घरात बसून तोंड चालवते, त्यापेक्षा हात चालवायला शिकेल. तोंड माझं चालायचं हे खरं, पण त्याला कारण होतं. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. पाठीचा कणा लहानपणापासून जरा वाकडा. डॉक्टरने तेव्हाच सांगितलं होतं, दुखत नाही, खुपत नाही, पोरीला खेळू द्या. पण शाळेत 'तराजू' नाव पडलं ते पडलंच. तराजू म्हणणाऱ्या दोन पोरांची दप्तरं मी विहिरीत टाकली होती, तरी नाव गेलं नाही.

आईने त्याच्यावर उपाय काढला होता. माझ्या प्रत्येक कपड्याच्या उजव्या खांद्यात ती आतून कापूस भरायची आणि टाके घालून बंद करायची. आमच्याकडे कापसाला काय तोटा! मामाच्या शेतातून दरवर्षी गाठोडं यायचं. उन्हाळ्यात तो खांदा उकडायचा, पावसाळ्यात ओला होऊन जड व्हायचा, पण समोरून पाहिलं तर दोन्ही खांदे एका रेषेत. मला त्याची इतकी सवय झाली होती, की आंघोळीच्या वेळी कापूस नसला की मलाच मी चुकलेली वाटायचे.

काकूंचा नियम असा, की नव्या पोरीने सगळ्यात आधी स्टुलावर उभं राहायचं आणि बाकीच्यांनी तिचं माप घ्यायचं. मी उभी राहिले. ओढणी गच्च धरून ठेवली. काकूंनी ती काढली, टेप लावायला खांद्यावर हात ठेवला आणि थांबल्या. मग बोटांनी खांदा दाबून पाहिला.

"हे काय हाये?"

मी ओढणी परत ओढायला गेले.

"कापूस वाहून राह्यली का व? जिनिंगमधी लागली का?"

पोरी खो-खो हसल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मी स्टुलावरून उडी मारली आणि म्हटलं, "मले नाई शिकाचं तुमच्याकडं." काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "जाजो. पन हसणाऱ्या पोट्ट्यायचं माप घेऊन जा."

मग एकेक जण स्टुलावर चढवली. खांद्यापासून कमरेपर्यंत, मग हातांचं, डावीकडे वेगळं, उजवीकडे वेगळं. टेप माझ्या हातात दिली. सगळ्यात जास्त हसलेली नंदा नावाची मुलगी होती, तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा चांगला लांब निघाला. कोणाची एक बाजू भरलेली, कोणाची कंबर एकीकडे झुकलेली. दोन्ही बाजू सारख्या असलेली एकही पोरगी निघाली नाही. हसणं कुठल्या कुठे गेलं. काकूंनी टेबलावर ब्लाउजपीस पसरला, घातलेली घडी झटकून मोडली आणि कापड एकेरी केलं. म्हणाल्या, "घडीवर कापलं का दोनी बाजू सारख्या येतात. काम लवकर होते. पन माणूस घडीवर कापलेला नसते. ज्याले घाई हाये त्यानं उश्यायच्या खोळी शिवाव्या."

"काकू, आता तुमचं माप घेतो," नंदा म्हणाली.

"माहं माप माह्या ध्यानात हाये," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. का गेले, याचा मला तेव्हाही राग आला होता. पण त्या बाईने माझी कीव केली नव्हती. कीव करणारे मला जन्मापासून पुष्कळ भेटले होते.

देवाधर्माचं त्यांना फार नव्हतं, पण वर्षातून एकदा आम्हाला घेऊन केळझरला गणपतीच्या दर्शनाला जायच्या. तिथेही शिकवणी सुरूच. एकदा गाभाऱ्यासमोर हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "सोंड पाहा. एकाच अंगाले वळलेली. हा घडीवर कापला अस्ता तं याले कोनी देव म्हटलं अस्तं का?" पुजाऱ्याने डोळे वटारले. काकूंनी त्याच्या बंडीकडे बघून मान हलवली, की हीही चुकलीच आहे.

प्रत्येकीने पहिला कपडा स्वतःचाच शिवायचा, हा आणखी एक नियम. भावाला शर्ट नाही, भाचीला झबलं नाही. मी माझं ब्लाउज कापलं. डोरवा रंगाचं, लालसर. डावी बाजू वेगळी आखली, उजवी वेगळी. दोन वेळा उसवलं. काकू टाके बघायच्या, बोट ठेवायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "उसव." तिसऱ्यांदा अंगात घातलं तेव्हा कापूस न भरताही ते खांद्यावर नुसतं येऊन बसलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. मी आरशात बराच वेळ पाहत राहिले. खांदा खालीच होता, पण तो पहिल्यांदाच माझा वाटत होता. घरी नेलं तर आई काय म्हणेल म्हणून ते मी क्लासमध्येच खुंटीला ठेवलं.

त्याच सुमारास पुलगावचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, मुलगी पाहायला रविवारी येणार. आई गोदामात आली ती हातात निळा भारी ब्लाउजपीस घेऊन.

"काकू, याचं ब्लाउज तुम्हीच शिवून द्या. आन उजव्या खांद्यात तेवढा कापूस जरा सफाईनं भरा. पाहुन्यायच्या ध्यानात नाई आलं पाह्यजे."

"आन लग्न झाल्यावर?" काकूंनी विचारलं.

"मंगचं मंग पाहू."

"मंगचं ते पोरगं पाहीन न! त्याले तुम्ही काय सांगसान, कापूस व्हता, उडून गेला?"

आई लाल झाली. "तुम्हाले काय जाते बोलाले? पोरगी घरात राह्यली तं तुम्ही पोसनार हाये का?"

"पाठवजा. एक मशीन रिकामी हाये."

आईने माझा हात धरला आणि मला तिथून ओढत घरी आणलं. क्लास बंद. आईला मी आजही वाईट म्हणत नाही. माझ्या मोठ्या चुलतबहिणीचं लग्न तिच्या अधू पायामुळे तीनदा मोडलेलं आईने पाहिलं होतं. ती घाबरली होती. पण तिच्या भीतीचं ओझं माझ्या खांद्यावर होतं, अक्षरशः, आणि ते मला आता सहन होत नव्हतं.

निळं ब्लाउज आईने दुसऱ्या टेलरकडून शिवून आणलं आणि त्यात स्वतःच्या हाताने कापूस भरला. रविवारी सकाळी नंदा घरी आली. हातात वर्तमानपत्रात बांधलेला पुडा. आत माझं लाल ब्लाउज, इस्त्री केलेलं. "काकूनं काई सांगतलं का?" मी विचारलं. नंदा म्हणाली, "नाई. देऊन ये, एवढंच म्हणे."

पलंगावर दोन ब्लाउजं होती. आई बाहेर पोह्यांना फोडणी देत होती. मी निळं उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं. मग म्हटलं, मरो! आणि लाल घातलं. पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला, म्हणून पाहुण्यांपुढे जाईपर्यंत आईच्या ध्यानात आलं नाही.

पाहुण्यांत मुलगा, त्याची आई आणि मामा. मी पोह्यांच्या बश्या ठेवल्या, समोरच्या खुर्चीवर बसले आणि पदर काढून एका खांद्यावर घेतला, जसा सगळ्या बायका घेतात. आईच्या हातातला चमचा खाली पडला. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"मुलीचा खांदा जरा पडल्यासारखा वाटते."

"वाटत नाई, पडलेलाच हाये," मी म्हटलं. "उजवा. लहानपणापासून. त्रास काई नाई."

"हे आधी सांगायला पाहिजे होतं," मामा म्हणाले.

"आता सांगून राह्यली न." तोंड सुटलं ते सुटलंच. "तुमच्या मुलाचं काय?"

"माझं काय?" मुलगा म्हणाला. तोवर त्याने तोंड उघडलेलं नव्हतं.

खिडकीत पडलेली माझी क्लासची टेप मी उचलली. "उभे राहता का जरा?"

आणि बाप्पा, तो उभा राहिला! टेलरच्या दुकानात राहतात तसा, हात बाजूला सोडून, सरळ. मी खांद्यापासून पट्ट्यापर्यंत टेप लावली, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. "डावा खाली हाये. बॅग कोन्या खांद्यावर नेता?"

"डाव्या," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"ऊठ रे!" त्याची आई ओरडली. तो उभाच होता.

पोहे तसेच राहिले. पाहुणे गेले. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, मोठमोठ्याने, आणि मलाही रडू आलं, कारण ती म्हणत होती, आता कोण येईल, आता कोण येईल!  बाबा हळूच उठले, माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "माहं बी पाह्य बरं. मले लय दिवसापासून वाटून राह्यलं, शर्ट एकीकडून लटकते." मी रडत रडत त्यांचं माप घेतलं.

पुढे माझं लग्न झालं की नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचं असेल. नाही सांगत. ही खांद्याची गोष्ट आहे, कुंकवाची नाही.

सोमवारी मी निळ्या ब्लाउजचा खांदा उसवला, कापूस मुठीत घेतला आणि क्लासला गेले. वाटलं होतं, काकू पाठीवर हात फिरवतील. नंदाने सगळी हकिकत आधीच तिखटमीठ लावून सांगितली होती. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाठीचं माप घेतलं का त्याच्या?"

"नाई."

"मंग अर्धंच काम केलं." त्यांनी माझ्या मुठीतला कापूस घेतला. टेबलावर सुया टोचायची एक लहान गोल उशी होती, तिची शिवण उसवली, कापूस आत कोंबला आणि पुन्हा शिवली. "पोचट झाली व्हती," म्हणाल्या, आणि त्यात एक सुई खचकन टोचली. "चाल, मशीनवर बस."

त्या दिवसापासून मी तिथलीच झाले. शिकून झालं तरी जात राहिले, नव्या पोरींना कागद कापायला शिकवू लागले. काकू थकत गेल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा ओवायला आम्हाला बोलवावं लागायचं आणि बोलवताना त्या चिडायच्या. तरी स्वतःची ब्लाउजं त्या स्वतःच शिवायच्या, दाराला कडी लावून. एका वर्षी तेही जमेनासं झालं. केळझरला जायला थोडे दिवस होते. दुपारी पोरी जेवायला गेल्या तेव्हा काकूंनी माझ्यापुढे एक ब्लाउजपीस टाकला आणि त्याच्यावर एक जुनं ब्लाउज.

"याच्यावरून शीव," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मला आधी हसूच आलं. "काकू, मापाचं ब्लाउज चालत नाई इथं."

"मले शिकवू नको."

"तुमीच शिकवलं न!" असं म्हणून मी त्यांच्यासारखंच ते दोन बोटांत उचललं आणि खिळ्याकडे निघाले. दोन पावलांत थांबले. ब्लाउज एका बाजूने जड होतं. डाव्या बाजूला आत काहीतरी भरून, बारीक टाके घालून बंद केलेलं होतं. कापसाचं वजन मला कोणी सांगायची गरज नव्हती.

"टांग न खिळ्याले," काकू मागून म्हणाल्या. "टांगत काऊन नाई?"

मी वळले. त्या भिंतीकडे बघत होत्या. "क्लास काढाच्या आधीच ऑपरेशन झालं. गाठ व्हती. एक बाजू काढून टाकली. जाऊबाईले माहीत हाये, बाकी कोनाले नाई."

मला दया यायला हवी होती. मला आला राग. असा राग, की डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईने मला भरल्या वर्गात स्टुलावर उभं करून माझा कापूस काढला, जिच्या जोरावर मी पाहुण्यांपुढे उघड्या खांद्याने बसले, ती इतकी वर्षं स्वतः कापूस भरून आमच्यासमोर वावरत होती! मी म्हटलंही तसं. मोठ्या आवाजात म्हटलं. दीर दुकानातून ओरडले, काय झालं? काकूंनी "काई नाई!" म्हणून त्यांना गप्प केलं.

मग त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्याचं कापड कापाले हात नाई थरथरत व, पोट्टे."

माझा राग त्या वाक्यासरशी गेला. मी दाराला कडी घातली, स्टूल मधोमध आणून ठेवलं.

"उभ्या राहा."

"तू कोन मले सांगनारी?"

"तुमीच केलेली हाव मी. राहा उभ्या."

काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. वाटलं, आता थोबाडीत बसते. मग त्या टेबलाला धरून उठल्या, स्टुलावर चढल्या आणि दोन्ही खांद्यांवरून लपेटलेला पदर त्यांनी काढून टाकला. मी माप घेतलं. ती मापं इथे लिहिणार नाही. त्या वरून सूचना देत होत्या, "टेप ढिली धरून राह्यली. घाबरते कायले? नीट ओढ. बाहीचा मुंढा पुन्हा घे."

त्या खाली उतरल्या, बशीत चहा ओतून घेतला आणि बसल्या. मी टेबलावर कापड पसरलं. इतकी गोंधळले होते, की सवयीने नाही, भीतीने, मी कापडाची मधोमध घडी घातली आणि खडू उचलला.

काकूंनी बशी खाली ठेवली.

"घडी मोड," त्या म्हणाल्या.

मी घडी मोडली. कापड एकेरी पसरलं. डावी बाजू वेगळी आखली, उजवी वेगळी. कात्री चालवताना त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे होतं, आणि त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील असं मला वाटलं. नंतर कळलं, त्या पुटपुटत होत्या, "नीट काप, बाई, नीट काप."

जुन्या ब्लाउजातला कापूस त्यांनी स्वतः उसवून काढला. गोळा करून माझ्या अंगावर फेकला. "उशी पुन्हा पोचट झाली. भर."

केळझरला काकू नव्या ब्लाउजात आल्या, पदर एकाच खांद्यावर, वाऱ्यावर मोकळा. पायऱ्यांवर एक बाई थांबून त्यांच्याकडे टकामका बघू लागली. मला धडकी भरली. काकू तिला म्हणाल्या, "काय पाहून राह्यली? आवडलं का? मंगळवारी येजो क्लासले, शिकवतो." ती बाई खरंच आली. दोन वर्षं शिकली.

काकूंना जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. गोदामात दिरांच्या मुलाने पुन्हा पोती रचली. मशीन, स्टूल, दाराजवळचा खिळासुद्धा उपटून, मी माझ्या घरी आणला आणि समोरच्या खोलीत क्लास काढला. तो खिळा मी दाराजवळच ठोकला आहे, त्याच्यावर सध्या चार ब्लाउजं लटकत आहेत आणि चार बाया माझ्यावर रागावलेल्या आहेत.

उशीही माझ्याच टेबलावर आहे. नव्या पोरी सुया टोचताना विचारतात, "मॅडम, ही एवढी गच्च कशानं भरली?" मी सांगते, कापूस आहे, माझा आणि काकूंचा, आता कोणाला लागत नाही. टोचा बिनधास्त.